सम थोडी उशिरा येते

आमच्या घराण्यात गाणं कुणालाही येत नाही. घराणं म्हणजे ज्याचं आडनाव रेशनकार्डावर असतं ते. किराण्याशी आमचा संबंध महिन्याच्या यादीपुरता आणि जयपूरशी तर रजईपुरताच. पण ऐकण्याच्या बाबतीत मात्र आम्ही अगदी खानदानी. वडील ऐकत, दादा ऐकतो, मी ऐकतो. गवई तयार व्हायला बारा-चौदा वर्षं लागतात म्हणे. श्रोता तयार व्हायला त्याहून जास्त लागतात, आणि एवढं करून त्याला शेवटी शाल-नारळसुद्धा मिळत नाही.

आमचं बालपण मिरजेत गेलं. मिरज हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. १९३७ साली ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथं दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. शिवाय मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. आमच्याकडे भोपळा भाजीवाल्यापेक्षा सतारमेकराच्या माडीवर जास्त दिसायचा. पंढरपूरच्या बाजूनं मोठमोठे भोपळे येत, उन्हात वाळत पडत, आणि पुढं त्यांचे तंबोरे होऊन ते गावोगावच्या मैफलींना जात. आमच्या शाळेतले मास्तर आम्हांला 'भोपळा' म्हणत, तेव्हा आम्हांला वाटे, आपलंही पुढं काहीतरी होईल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यातल्या भोपळ्यांना अजून मिळायचं आहे.

वडिलांनी असाच एक तंबोरा हप्त्यानं घेतला होता. ते कचेरीत कारकून. गाणं येत नव्हतं, पण घरात तंबोरा असला की घर बरं दिसतं, असं त्यांचं मत होतं. १९५८ साली रेडिओ आला. पोस्टातून त्याचं लायसन काढावं लागे, आणि ते लायसन वडील महिनाभर पाहुण्यांना दाखवत होते. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून सुरू झालेला. शनिवारी रात्री वडील जेवून, हात धुऊन, तंबोरा मांडीवर घेऊन रेडिओसमोर बसत आणि कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं तो लावत. मग दिल्लीचा गवई सुरू होई, तो भलत्याच पट्टीत. वडील क्षणभर वाट बघत. गवई आपली पट्टी सोडून आमच्या पट्टीत येईल अशी त्यांना बहुधा आशा असावी. तो आला नाही की तंबोरा हळूच भिंतीशी टेकवून ठेवत. पुढच्या शनिवारी पुन्हा लावत.

एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये वडील. मधूनमधून रेडिओ स्वतःची एक खरखरीत तान घाले. समेवर वडील मांडीवर थाप मारत आणि 'वाः' म्हणत. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो वडिलांबरोबर 'वाः' म्हणे. मी दादाकडे बघून 'वाः' म्हणे. साहजिकच माझी 'वाः' नेहमी थोडी उशिरा पडे आणि दादा माझ्या डोक्यात टपली मारी. माझं संगीताचं शिक्षण ते एवढंच.

२०११ साली जुना वाडा विकला. पैशांची वाटणी अर्ध्या तासात झाली. पैशांवरून भांडलो असतो तर निदान व्यवहारी माणसं म्हणून नाव तरी झालं असतं. आम्ही भांडलो तंबोऱ्यावरून. दादाचं म्हणणं, मी थोरला. माझं म्हणणं, वाड्यातलं देवघर तू घेतलंस, निदान तंबोरा तरी मला दे. दोघांनाही तो लावता येत नव्हता. दादा म्हणाला, "तुला षड्ज-पंचम तरी कळतात का?" मी म्हणालो, "तुला कळतात ना? मग ठेव. कोपऱ्यात ठेवून रोज त्याला ऊद घाल." त्यानंतर आमचं बोलणं संपलं. त्या तंबोऱ्याची त्या वेळची किंमत, तारा धरून, दोन चांगल्या बुटांच्या जोडांएवढीही आली नसती.

पण अडचण अशी होती की डिसेंबरात 'सवाई' असतो. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केला, आणि आम्ही दोघं कित्येक वर्षं तिथं एकाच सतरंजीवर बसत आलो होतो. दादा त्यासाठी मिरजेहून पुण्याला येई. आता बोलणं बंद म्हणून सवाई बंद करायचा की काय? वहिनींनी आणि आमच्या हिनं परस्पर ठरवून टाकलं की सतरंजी एकच राहील. करोनाचा काळ सोडला तर आम्ही दर डिसेंबरात, मध्ये थर्मास आणि चकल्यांचा डबा ठेवून, शेजारी शेजारी बसून एकमेकांशी अबोला धरत होतो.

अगदीच काही बोलत नव्हतो असं नाही.

"मारवा," दादा समोर बघत म्हणे.

"पूरिया," मी समोर बघत म्हणे.

"हं!"

बस्स. वर्षाचं संभाषण संपलं. जाणकारांना ठाऊक आहे की मारवा आणि पूरिया यांचे सूर अगदी तेच. फरक एवढाच की मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो आणि पूरिया गंधार-निषादावर. सूर तेच, पण कुणी कुठं अडून बसायचं यावरून दोन वेगळे राग. भावाभावांचंही वेगळं काय असतं?

दरम्यान आमच्या दोघांच्याही हातात मोबाईल आला. भारतात तो १९९५ साली आला, पण सुरुवातीला आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडत. त्या काळात कुणी फोनवरून विलंबित ख्याल ऐकवला असता तर गवयाचा षड्ज लागेपर्यंत श्रोत्याचं घर गहाण पडलं असतं. आता मात्र मुलानं दिलेल्या फोनमध्ये बोट फिरवलं की मन्सूर, कुमार, किशोरीताई, सगळे हात जोडून उभे. आकाशवाणीची 'रागम्' ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली, तीही फोनवर ऐकू येऊ लागली. आमच्या वडिलांनी आठवडाभर ज्याची वाट बघितली, ते आता बसथांब्यावर उभ्या उभ्या मिळतं. पहाटेचा ललत मी दुपारी तीन वाजता दवाखान्याच्या रांगेत ऐकला आहे. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी लागते?" मी म्हटलं, "आत्ताच उजाडतंय."

खोटं कशाला बोला, सुरुवातीला मी चिडलो होतो. एक तर त्या फोनच्या बोटभर भोंग्यातून खर्ज म्हणून येत नाही. काळी एक पट्टीतली खर्जाची तार सेकंदाला एकोणसत्तर-सत्तर वेळा हलते. एवढा संथ, एवढा जड सूर बाहेर ढकलायचा तर भोंग्यालाही छाती लागते. इथं छातीच नाही. तबल्यातला बायाँ नाहीसा होतो आणि नुसतं दायाचं टिकटिक उरतं, जणू तबलजीचा एक हात गळ्यात बांधलाय. दुसरं म्हणजे जाहिराती. गवई अर्धा तास बढत करून वरच्या षड्जाच्या उंबरठ्यावर आलेला, आम्ही श्वास रोखून बसलेलो, आणि एकाएकी एक बाई हसत हसत सांधेदुखीचं तेल पुढं करते. आता माझा गुडघा दुखतो हे त्या फोनला कुणी सांगितलं?

आणि तिसरं म्हणजे तुकडे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं बसत. तेवढ्यात ती अख्खा राग बसवी, आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारण्यापुरती जागाही ठेवी. लोक हळहळले की राग तीन मिनिटांत कसा मावणार! आता तास न् तास मावतं, तर आम्ही तीस सेकंदांची तान एकमेकांना पाठवतो. पोत्यानं तांदूळ घरात आला आणि आम्ही शितं मोजत बसलो.

२०२२ च्या दसऱ्यानंतर दादा न्हाणीघरात पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. लिहायला लाज वाटते, पण मी मिरजेला गेलो नाही. ही गेली, मुलगा गेला. मी म्हटलं, मला प्रवास झेपत नाही. त्याच महिन्यात मी एका लग्नासाठी नागपूरला जाऊन आलो होतो.

त्या डिसेंबरात सतरंजीवर मी एकटा. चकल्या तेवढ्याच, थर्मास तेवढाच. पण सतरंजी एकाएकी मैदानाएवढी झाली. गायकानं संध्याकाळचा राग धरला. "पूरिया," मी समोर बघत म्हणालो. शेजारून कुणी "हं!" केलं नाही. तेव्हा मला मनातल्या मनात शंका आली की हा मारवा तर नसेल? मला काय वाटलं कोण जाणे, मी फोन काढला, डोक्यावर धरला आणि दादाचा नंबर शोधू लागलो. मागून आवाज आला, "अहो आजोबा, आम्ही तुमचा फोन बघायला आलो नाही." बरोबर होतं त्यांचं. मी फोन खिशात घातला. पण घरी आल्यावर, रात्री अकराला, त्याच गायकाची एक जुनी फीत शोधून दादाला पाठवली. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

दोन वाजता फोन थरथरला. दादाचा एकच शब्द होता : 'मारवा.'

मी लिहिलं, 'पूरिया.'

खरं म्हणजे मारवाच होता.

मग हे रोजचंच झालं. दादाला रात्री झोप नव्हती. पूर्वी मंडपात रात्र रात्र गाणं चाले; २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर उघड्यावरचे कर्णे रात्री दहाला गप्प होऊ लागले, आणि मध्यरात्रीचे राग मंडपातून जवळजवळ उठूनच गेले. दरबारी बिचारा घड्याळ बघून संध्याकाळीच उरकायची वेळ आली. पण दादाच्या उशाशी तो बरोबर आपल्या वेळेला येत होता. रात्री दोनला दरबारी, पहाटे पाचला ललत, तेही कुणाची झोप न मोडता. ज्याला कूस बदलता येत नाही त्याच्याजवळ रात्रभर बसून राहणारं दुसरं कोण असतं? फोनवरचा माझा राग तिथंच उतरला.

एकत्र ऐकायची कल्पना दादाच्या नातीची. ती सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिनं एकच ध्वनिमुद्रण दोघांच्या फोनांत भरून दिलं, त्यामुळे तेलवाली बाई गेली. गाणं आपापल्या फोनवर आणि बोलणं आपापल्या बायकोच्या फोनवर, असे चार फोन. एका कानात गवई, दुसऱ्या कानात दादा. पहिल्या दिवशी दादानं "एक, दोन, तीन" म्हटलं. त्याचं 'तीन' माझ्यापर्यंत येईतो त्याचा गवई सुरूही झाला होता. मग नातीनं सांगितलं, मोजू नका, फोनचं घड्याळ बघा आणि बरोबर नऊला बटण दाबा.

दाबलं. भीमसेनांनी दरबारीचा षड्ज लावला. कानातल्या बोंडांतून खर्जसुद्धा व्यवस्थित येत होता. पहिली सम आली. "वाः," मी म्हणालो. आणि मग, सम होऊन गेल्यावर, दादाची 'वाः' आली.

मला मनातून फार बरं वाटलं. एवढा किराण्याचा जाणकार, आणि सम चुकतो! म्हातारा झाला हो दादा. पुढची सम. माझी 'वाः' ठोक समेवर, दादाची मागाहून. द्रुतात तर कहर झाला. दादा दोन-दोन मात्रा मागं. शेवटी मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिकडून दादाच ओरडला, "अरे गाढवा, पन्नास वर्षं झाली, अजून तू मागूनच वाः म्हणतोस!"

"मी मागून? मी समेवर आहे. तू मागून!"

"मी मागून? वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकलोय मी!"

"आणि मी काय शेजाऱ्यांच्या मांडीवर बसलो होतो?"

अकरा-बारा वर्षांत एवढं लांब वाक्य आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. वहिनी घाबरून धावत आल्या. नातीनं दोघांनाही गप्प केलं आणि हसत हसत सांगितलं, "आबा, धाकटे आजोबा, दोघंही बरोबर समेवर आहात. आवाज इथून तिथं जायला अर्धा सेकंद लागतो. म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसराच उशीर करतोय."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. तो अर्धा सेकंद नव्हता, चांगला मिनिटभर होता.

मग दादा म्हणाला, "उद्यापासून विलंबितच ऐकू." यात त्याचं गणित बरोबर होतं. द्रुतात मिनिटाला दोनशे चाळीस मात्रा पडत असल्या तर अर्ध्या सेकंदात दोन मात्रा निसटतात. अतिविलंबितात एकेक मात्रा चार-पाच सेकंद टिकते. तिथं अर्ध्या सेकंदाला कोण विचारतो? आमच्या वयाला ती लय एरवीही सोयीची.

२०२३ च्या दिवाळीत नातीनं चित्र दिसणारा फोन लावला आणि म्हणाली, "धाकटे आजोबा, गंमत बघा." बघतो तर तिच्या मांडीशी वडिलांचा तंबोरा! पुसलेला, नव्या तारांचा. दादानं सतारमेकराला घरी बोलावून घोडीची जवारीसुद्धा काढून घेतली होती. ती एकेक तार छेडत होती. बोटं हलताना दिसत होती, दादा डोळे मिटून बसलेला दिसत होता, पण इकडं आवाज म्हणून काही नाही. तिचं बोलणं स्पष्ट ऐकू येई, वहिनींच्या बांगड्या ऐकू येत, पण तंबोरा गप्प.

"बाळ, तारा कापसाच्या बसवल्यात का?" मी विचारलं.

तिनं फोन खाली-वर केला आणि मग कपाळावर हात मारला. या यंत्राला म्हणे असं शिकवलेलं असतं की माणसाचं बोलणं तेवढं पुढं पाठवायचं. जो आवाज न बदलता एकसारखा चालू राहतो, म्हणजे पंखा, मिक्सर, गाड्यांची घरघर, तो गोंगाट समजून पुसून टाकायचा. तंबोरा एकसारखा वाजतो. तेव्हा तो गोंगाट! करोनात फोनवरून गाणं शिकणाऱ्या पोरांचेही असेच हाल झाले, असं तिनं सांगितलं. लांबवलेला षड्जसुद्धा यंत्र मध्येच खाऊन टाकी. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ साली किलकिलं झालं. पण पेटी काय, साथीचं वाद्य. या यंत्रानं थेट गाण्याच्या पायालाच गोंगाट ठरवलं होतं.

मला हसू आलं आणि मग ते थांबलं. सतरंजीवर शेजारी बसून नुसतं "हं!" करणारा माणूस, तो काही बोलत नाही, वर्षानुवर्षं बदलत नाही, म्हणून आपणही त्याला असंच कधीतरी पुसून टाकलेलं असतं. तो नसला की कळतं, आपल्याला मारवा कुठला आणि पूरिया कुठला तेही सांगता येत नाही.

नातीनं आत कुठंतरी जाऊन ती गोंगाट काढायची खोड बंद केली. आणि एकदम आवाज आला. वडिलांचा तंबोरा. शनिवारी रात्री जेवून, हात धुऊन बसलेला. किती तरी वेळ आम्ही तिघंही काही बोललो नाही.

"पंचम जरा उतरलाय," मी शेवटी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"पंचम नाही, तुझा कान उतरलाय," दादा म्हणाला. मग डोळे न उघडताच म्हणाला, "नाहीतर ये आणि लाव. मला काही लावता येत नाही."

"मलाही येत नाही."

"ते ठाऊक आहे मला. म्हणून काय झालं? ये."

मी म्हटलं, "येतो."

माझं 'येतो' पुण्याहून मिरजेला पोचायला अर्धा सेकंद लागला असेल. बारा वर्षांच्या मानानं काही फार नाही.